सहाव्या अंकाचा दुसरा प्रवेश

सध्या आमच्या घरात 'सहा-दोन' ही शिवी झालीये. ऐन पोळ्या लाटताना गॅस संपला, सहा-दोन. पाहुणे दारात आणि नळ गेला, सहा-दोन. परवा भाचा गणिताचा पेपर देऊन आला, दप्तर सोफ्यावर फेकलं, एवढंच म्हणाला "मामा, सहा-दोन", आणि कोणी पुढे काही विचारलंच नाही.

तर निंजा गायडन म्हणून एक गेम आहे, टेक्मो कंपनीचा, जपानमधे १९८८ च्या डिसेंबरात आला आणि अमेरिकेत पुढच्या वर्षी. नाटकासारखे त्याचे अंक आहेत, खरंच, ॲक्ट एक ॲक्ट दोन असंच लिहून येतं, आणि असे सहा अंक, म्हणजे आमच्या आजोबांच्या काळच्या संगीत नाटकापेक्षा लांब. प्रत्येक अंकात दोन-चार प्रवेश. त्यातला सहाव्या अंकाचा दुसरा प्रवेश म्हणजे सहा-दोन, जिथे मी गेले अडीच महिने मरतोय.

हा गेम आमच्याकडे पहिल्यांदा आला तो ९६-९७ च्या उन्हाळ्यात. इंदूरला रामबागेत राहायचो तेव्हा. बाबांनी जेल रोडवरून एक काळं डबडं आणलं होतं, दोन रिमोट, एक बंदूक जी कधीच चालली नाही, आणि पिवळ्या कॅसेटी. निंटेंडो हे नाव तेव्हा कोणाला माहीत, आमच्यासाठी ते 'व्हिडिओ गेम' आणि बस. कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, त्याने काही होत नाही असं आता सगळे सांगतात, पण आमची चालायची भिया. कॅसेटींची अदलाबदल चालायची, मारिओ देऊन कॉन्ट्रा घ्यायचा, आणि अशाच अदलाबदलीत दादाने एकदा एक कॅसेट आणली जिच्यावर स्टिकरच नव्हतं. लावली तर चांदणी रात्र, गवत, दोन निंजा समोरासमोरून धावत येतात, उडी मारतात, हवेत तलवार चमकते आणि एकजण खाली पडतो. आम्ही स्टार्ट न दाबता तेच पाचदा बघितलं. मधल्या गोष्टीत जे इंग्रजी यायचं ते दादा हिंदीत वाचून दाखवायचा, "तेरे बाप को किसने मारा, मैं जानता हूँ", आणि पुढे कितीतरी वर्षांनी कळलं की त्यातलं अर्धं तो मनाचंच सांगत होता. तिसऱ्या अंकाच्या पुढे आम्ही कधी गेलो नाही. मग शाळा सुरू झाली, कॅसेट परत गेली.

आता मधली वीस-पंचवीस वर्षं सोडून देतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही, नोकरी वगैरे.

गेल्या थंडीत भाच्याला घेऊन सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, गेलो होतो. शनिवार रात्र, गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही, भुट्ट्याच्या किसासाठी उभे. मी असंच बोललो की आमच्या वेळी एक निंजावाला गेम होता, फार भारी आणि फार कठीण. त्याने मोबाईल काढला, दोन मिनिटं कायतरी टाईप केलं, म्हणाला "हा का?" तोच गवत, तोच चंद्र. पण हे कोणीतरी खेळत होतं, आणि असं खेळत होतं की मला आधी वाटलं व्हिडिओ फास्ट केलाय. थांबणं नाही, मागे बघणं नाही, शत्रू समोर यायच्या आधीच तलवार निघालेली. आमच्या हातात किसाचा दोना आला तेव्हा त्या माणसाने अख्खा गेम संपवला होता. सहाच्या सहा अंक, बारा मिनिटांच्या आत. दादा आणि मी पूर्ण सुट्टी घालून तिसऱ्या अंकात अडकलो होतो. वरून जिरावण मसाला जास्त पडला होता त्यामुळे डोळ्यात पाणी आलं असं मी भाच्याला सांगितलं.

याला स्पीडरन म्हणतात. ज्यांना माहितीये त्यांनी हा परिच्छेद सोडा. गेम कमीत कमी वेळात संपवायचा, बस्स, पण त्यात लोकांनी जे करून ठेवलंय ते वेड आहे. मारिओच घ्या, १९८५ चा पहिला, जो आपल्यातल्या प्रत्येकाने खेळलाय. वॉर्प झोनमधून, म्हणजे पुढे नेणाऱ्या चोरवाटांतून, उड्या मारत फक्त आठ लेव्हल खेळायच्या, आणि २०२१ मधे निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्या माणसाने ते ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत केलं, तिथपर्यंत कोणीच पोचलं नव्हतं. आता तुम्ही म्हणाल एक सेकंद इकडे तिकडे काय फरक पडतो. तर त्या गेममधे अशी भानगड आहे की लेव्हल संपली की पुढची लगेच नाही सुरू होत, गेम दर २१ फ्रेमनी एकदा बघतो की झाली का, फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, आणि अशा फ्रेम सेकंदाला साठ, म्हणजे साधारण सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याला एकदा. रनर लोक हे बसचं उदाहरण देऊन समजावतात, की बस ठरल्या वेळेलाच सुटणार, तुम्ही स्टँडवर आधी पोचलात तरी बसून राहा. आपल्या उज्जैनच्या बससारखं नाही की भरली की निघाली. त्यामुळे एका लेव्हलमधे थोडंसं वाचवलं तर काहीच मिळत नाही, आधीची बस पकडता येईल इतकं वाचवलं तरच फायदा. लोक या एका बससाठी वर्षं घालवतात. मला हे कळलं त्या रात्री झोप नाही लागली.

मग काय, रोजचंच झालं. गेम्स डन क्विक म्हणून त्यांचा मोठा कार्यक्रम असतो, २०१० मधे एका घराच्या तळघरात सुरू झाला, आठवडाभर रात्रंदिवस एकामागून एक रन चालतात आणि बघणारे पैसे देतात ते कॅन्सरच्या कामाला, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला वगैरे जातात. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. त्यामुळे मी साडेपाचला उठून हॉलमधे बसायला लागलो आणि आईला वाटलं मुलगा प्राणायाम करायला लागला. बाहेर आली तर मी टीव्हीवर एक जुना रन लावलेला, पंच-आउट, बॉक्सिंगचा गेम, आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. आई उभ्या उभ्या बघत राहिली.

"हा डोळे बांधून कसा काय?"

म्हंटलं, "ऐकून. ठोसा यायच्या आधी आवाज येतो, त्यावरून."

"म्हणजे मोजतोय," ती म्हणाली आणि बसलीच. आई लग्नाआधी गाणं शिकलेली, पुढे सुटलं, पण कान तयार आहे. अर्धा तास तिने पूर्ण बघितलं आणि चहा उतू गेला. तेव्हापासून तिला या लोकांबद्दल माझ्यापेक्षा जास्त आदर आहे, गेमबद्दल नाही, लोकांबद्दल.

इथवर ठीक होतं. बघणाऱ्याचं काय जातं. पण फेब्रुवारीत मला वाटलं आपणही संपवावा. एक छोटं मशीन घेतलं, टीव्हीला लावता येतं, जुने गेम चालतात, कंट्रोलर वायरवाला. पहिले दोन अंक आरामात गेले, बोटांना आठवत होतं, मला आठवत नसलं तरी. तिसऱ्यापासून मार. एक कारण मी सगळ्यांना महिनाभर सांगितलं, की आपले टीव्ही पॅल पद्धतीचे, सेकंदाला ५० चित्रं, जपान-अमेरिकेत ६०, म्हणजे आमचं ते डबडं बहुतेक पन्नासच्याच हिशोबाने चालत असणार, आणि मी लहानपणी जो गेम शिकलो तो हळू होता, हा जास्त जोरात पळतोय. भाचा म्हणाला "मामा यार, तू तिसऱ्या अंकात तेव्हा पण मरायचास."

सेव्ह नाही, पासवर्ड नाही, एवढं बरं की कंटिन्यू कितीही वेळा मिळतो. मशीनमधे सेव्ह-स्टेटची सोय आहे, वाटेल तिथे गेम गोठवता येतो, आणि रनर लोकही सरावाला तेच वापरतात, त्यामुळे सरावाला मी पण वापरलं, लाज नाही. पण संपवायचा तर सलग, एका बैठकीत. हा नियम माझाच आहे, कोणी विचारलेला नाही.

आणि मग सहा-दोन.

तिथे असं आहे की छोटे छोटे कट्टे, खाली दरी, आणि पलीकडच्या कट्ट्यावर एकजण ठाण मांडून उभा. उडी मारायला गेलात की एक पक्षी येतो. शाप आहे तो पक्षी. तो लागला की रक्त किती जातं हा प्रश्नच नाही, कारण या गेममधे मार बसला की निंजा मागे उडतो, आणि मागे दरी. म्हणजे रक्ताची पट्टी सोळाच्या सोळा भरलेली असली तरी काय उपयोग. त्यात आणखी, शत्रू मेला म्हणजे मेला असं नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली असते, ती जागा पडद्याच्या कडेला आली की तो येतो. तुम्ही मारलंत, मग घाबरून दोन पावलं मागे सरकलात, ती जागा बाहेर गेली, परत पुढे आलात, तर तो परत हजर, नवाकोरा. एका पक्ष्याला मी एका जागी उभा राहून अकरा वेळा मारलाय, मोजून.

मी आर्कसचा रन, या गेमचा मोठा रनर आहे तो, सहा-दोनपासून पुढे तीसेक वेळा बघितला. काही उपयोग नाही झाला. मला दिसतच नव्हतं की तो काय करतोय, कारण तो तिथे काही करतच नाही, नुसता निघून जातो. मी जिथे उभा राहून विचार करतो त्या जागेवर तो कधी उभाच नसतो, मग त्याचं बघून मी काय शिकणार.

हे आईने सोडवलं, आणि तिने तर पडद्याकडे बघितलंही नव्हतं. रविवार होता, ती स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदा चिरत होती, मी हॉलमधे मरत होतो. आतूनच म्हणाली, "अरे, तुझं ते टकटक बंद झालं की तू मरतोस."

"काय?"

"बटणांचं टकटक. चालू असतं तोवर ठीक असतं. बंद पडलं की दोन मोजायचे आणि तो मेल्याचा आवाज. सकाळपासून तेच ऐकतेय. तू थांबतोस कशाला?"

मी म्हंटलं बघून मग उडी मारावी म्हणून थांबतो. ती म्हणाली "मग बघ बापडा", आणि कढईत मोहरी टाकली.

मग मी मोबाईल ठेवून स्वतःचं खेळणं रेकॉर्ड केलं, नुसता आवाज. खरंच निघालं. टक टक टक टक, शांतता, मेलो. टक टक टक, शांतता, मेलो. दर वेळी त्याच कट्ट्यावर, दर वेळी तेवढीच शांतता. मी तिथे पोचलो की जरा सावरून घ्यायचो, अर्धं पाऊल मागे यायचो, आणि तेवढ्याने पक्ष्याची जागा कडेला येत होती. म्हणजे पक्ष्याला मीच बोलवत होतो, रोज, अडीच महिने. आर्कस घाईत असतो म्हणून त्याला पक्षी भेटतच नाही असंही नाही, भेटतो, पण तो येतो तेव्हा त्याची तलवार आधीच निघालेली असते कारण पक्षी कधी येणार हे त्यानेच ठरवलेलं असतं.

मग तीन दिवस नुसता आवाजाचा सराव. आई आतून सांगायची, "थांबलास", "थांबलास", "आता बरोबर". एकदा म्हणाली समेवर येतोस पण धसक्याने येतोस. भाच्याने हे सगळं त्याच्या मित्रांना सांगितलं आणि आता आमची आजी कोच आहे अशी त्यांच्या शाळेत ख्याती आहे.

गेल्या बुधवारी सहा-दोन गेलं. सलग खेळताना, सेव्ह-स्टेट नाही. इतकं सहज गेलं की मी पुढे सहा-तीनमधे उगाच उभा राहिलो आणि तिथे एकदा मेलो. मग सहा-तीन पण गेलं. मग सहा-चार, जिथे एकामागून एक तीन बॉस, म्हणजे शेवटचे मोठे शत्रू. पहिला मुखवटेवाला, तो गेला. दुसरा जॅक्विओ, आगीचे गोळे फेकतो, त्याने मला पंधरा सेकंदांत संपवला.

आणि गेमने मला उचलून सहा-एकला नेऊन ठेवलं. सहा-चारला नाही, सहा-एक. म्हणजे परत सहा-एक, परत सहा-दोन, परत तो पक्षी. या शेवटच्या बॉसकडून मेलात की अंकाच्या सुरुवातीला, हे म्हणे मुळात प्रोग्रॅममधली चूक होती, आणि बनवणाऱ्याला ती लक्षात आल्यावर त्याने मुद्दाम तशीच राहू दिली, असं त्यांच्याच मुलाखतीत आहे. वाचून मी दादाला पुण्याला फोन केला, रात्री साडेअकराला, आणि सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेरे बाप को किसने मारा, मैं जानता हूँ."

एक मेहेरबानी आहे, मुखवटेवाला एकदा मेला की मेला, त्याला परत मारावं लागत नाही. काल रात्री परत पोचलो होतो. जॅक्विओच्या सोळातल्या चारच काड्या राहिल्या होत्या. आतून आई म्हणाली, "थांबलास."