कंट्रोल प्लॉटमध्येच गवत उगवलं तेव्हा

खाणीतला टाकाऊ दगड-मुरूम डंपरने वरून ओतत गेलं की ढीग आपला आपण साधारण ३५ ते ३७ अंशांवर थांबतो. त्यावर उभं राहणंच कठीण, मग बी कुठून राहणार, पहिल्या जोराच्या पावसात सगळं पायथ्याशी जमा. माती नाही, नत्र जवळपास शून्य आणि उन्हात काळा दगड इतका तापतो की हात टेकवत नाही.

तर अशा उतारावर गवत कसं रुजवायचं ते बघायला आम्ही १२ प्लॉट आखले. एकात तुलनेसाठी काहीच करायचं नाही म्हणजे कंट्रोल, एकात नुसतं बी, एकात बी आणि वरून काथ्याची जाळी, आणि एकात हायड्रोसीडिंग, म्हणजे बी, लगदा, खत, डिंक सगळं पाण्यात कालवून पाइपने फवारायचं. प्रत्येक पद्धत तीनदा, वरच्या, मधल्या आणि खालच्या पट्ट्यात एकेक, कारण ओतताना मोठे धोंडे गडगडत खाली जातात आणि बारीक माल वर राहतो, वरचा आणि खालचा उतार एक नसतोच. कुठला प्लॉट कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं, नाहीतर आपल्या लाडक्या पद्धतीला नकळत चांगली जागा दिली जाते, अनुभव आहे.

हायड्रोसीडिंगच्या लगद्यात हिरवा रंग असतो, कुठे फवारलंय ते कळावं म्हणून. त्यामुळे उतार त्याच दिवशी हिरवागार, बघायला आलेले लोक खूश, फोटो काढून गेले पण. बी अजून भिजलंही नव्हतं!

पावसाळ्यात दर पंधरवड्याला एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून रोपं मोजायची, आणि तिथेच गंमत झाली. मधल्या पट्ट्यातला कंट्रोल, जिथे आम्ही एक दाणा टाकला नव्हता, तिथे रोपं शेजारच्या नुसत्या-बी वाल्या प्लॉटपेक्षा जास्त. आधी वाटलं मोजणाऱ्याने पाट्या उलटसुलट वाचल्या. मग मी गुडघ्यावर बसून बघितलं तर रोपं पसरलेली नव्हती, झुबक्यांत होती, आणि प्रत्येक झुबका बुटाच्या टाचेने पडलेल्या खळग्यात!

झालं असं की कंट्रोल मोकळा, म्हणून आम्ही सगळे येता-जाता त्यातूनच चालत होतो. शेजारच्या प्लॉटमधलं वाहून आलेलं बी त्या खळग्यांत अडकलं, तिथेच थोडी बारीक माती आणि थेंबभर पाणी साठलं. वैतागलो पण, कारण कंट्रोल आम्हीच नासवला होता, तो आकडा काढून टाकावा लागला. पण खरं सांगायचं तर अख्ख्या सीझनमधली सगळ्यात कामाची गोष्ट मला त्या टाचांनीच शिकवली: खडबडीत जागी बी टिकतं.

काथ्याची जाळी चांगलीच चालली, ओघळी कमी पडल्या, फक्त जिथे ती जमिनीला नीट टेकली नव्हती तिथे पाणी खालून पळालं आणि वरून सगळं झकास दिसत राहिलं. जाळी उचलून बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या वर्षी खालच्या पट्ट्यात गवत ठिपक्या-ठिपक्यांनी जळालं. पहिल्या वर्षी सामू (pH, कमी म्हणजे आम्ल जास्त) सहाच्या वर होता म्हणून निर्धास्त होतो, पण दगडात पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं खनिज होतं, हवा-पाणी लागून त्याचं हळूहळू सल्फ्युरिक ॲसिड होतं. आजचा सामू बघून चुना टाकणं म्हणजे निम्माच हिशोब, गंधक किती आहे ते तपासायला हवं होतं. दगडात पायराइटच्या रूपात १ टक्का गंधक असेल तर ते ॲसिड मारायला टनभर दगडामागे सुमारे ३१ किलो चुनखडीची पूड लागते, आम्ही वरवर भुरभुरवली होती.

आणि गवत आलं म्हणजे ढीग सुरक्षित झाला असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही. मुळं वरचा थर धरतात, खोलवरची घसरण नाही. वेल्समधल्या ॲबरफॅनला १९६६ मध्ये कोळशाच्या कचऱ्याचा ढीग झऱ्यावर रचलेला होता, तो घसरला आणि १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. तिथे प्रश्न आतल्या पाण्याचा होता.

यंदाच्या चाचणीत बियाणं एकच ठेवलंय, बदलतोय फक्त पृष्ठभाग. आधी उतार कमी करून घेतला, मग अर्ध्या प्लॉटवर डोझर वर-खाली चालवायचा म्हणजे त्याच्या लोखंडी साखळीचे ठसे उताराला आडवे पडतात आणि पाणी अडतं, उरलेले गुळगुळीत. ड्रायव्हरने पहिले तीन प्लॉट इतके सुरेख सपाट करून दिले होते, त्याला म्हटलं, भाऊ, हे परत खडबडीत कर. इंजिन बंद करून खालीच उतरला तो, म्हणे, साहेब, नक्की ना?