ह्यांचं कमी करायचं का?

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

सेतूतल्या त्या मुलाने काही वावगं विचारलं नव्हतं. छकुलीचं नाव रेशनकार्डावर वाढवायला गेले होते, शाळेने मागितलंय म्हणून. त्याने जुनं कार्ड उघडलं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाला, "ताई, ह्यांचं कमी करायचं का? एकाच खेपेत दोन्ही होऊन जाईल." बोट माझ्या भावाच्या नावावर.

नाव वाढवणं, नाव कमी करणं. सगळीकडे हेच शब्द वापरतात. आजोबा गेले तेव्हा मीच जाऊन त्यांचं नाव कमी करून आले होते आणि येताना मेथीची जुडीही घेतली होती. मग आज काउंटरवरची कागदं गोळा करता येईनात इतके हात का थरथरले? तेच कळेना म्हणून लिहायला बसले. वहिनीला सांगितलं नाही. आईला तर नाहीच.

तीन वर्षं चार महिने झाले. एवढ्या काळात त्याला शोधायला कोणी नव्हतं, कमी करायला मात्र सगळे तयार. त्याच्या बोटीच्या कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसातून पहिला फोन आला तेव्हा "रात्रीपासून बोटीवर दिसत नाहीये" हे सांगून झाल्यावर त्याच दमात विचारलं होतं, पगाराचा शिल्लक हिशोब कोणाच्या खात्यात टाकायचा. बाबा "थांबा, थांबा" म्हणत राहिले होते.

अहवाल आज पुन्हा काढला. २१:४० ला मेसरूममध्ये शेवटचा दिसला. सकाळी ७:४० ला कामावर आला नाही म्हणून लक्षात आलं. जहाज माघारी वळलं ११:१० ला. मधल्या साडेतीन तासांबद्दल अख्ख्या अहवालात एकच ओळ आहे, "जहाजावर शोध घेण्यात आला." आधी आतून शोधायचं असतं, हे मान्य. पण ते करताना जहाज पुढे का चालू ठेवलं? वेग १२ नॉट लिहिलाय, म्हणजे ताशी १२ नॉटिकल मैल. १२ गुणिले साडेतीन, ४२ नॉटिकल मैल, म्हणजे जवळपास ७८ किलोमीटर. तो जर पाण्यात असेल तर तेवढे त्याच्यापासून लांब गेले, आणि तेही तो नाही हे कळल्यानंतर. हा गुणाकार मी किती वेळा केलाय कोण जाणे. उत्तर बदलत नाही.

ब्रिजवरचं, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथलं, रेकॉर्डिंगही नाही. त्या जुन्या यंत्रात १२ तासांचंच राहतं, मग त्यावर नवं चढतं. काही घडलं की ते लगेच राखून ठेवायचं असतं. कोणी ठेवलं नाही. बंदरात पोलीस चढले ते दोन दिवसांनी, आणि पाच जबाब घेऊन दुपारी उतरले. पाचही जबाबांत एकच वाक्य आहे, "तो शांत होता, कुणात मिसळत नसे." मूळ इंग्रजीत 'शांत' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये चूक आहे, पाचही ठिकाणी तीच चूक. कुक फिलिपिनो, दोघे युक्रेनचे, दोघे आपले. सगळ्यांनी एकच चूक केली? त्यातल्या एकाने नंतर फोनवर सांगितलं, छापील कागद पुढे आला, सही केली.

शांत! दाढी करतानाही ज्याचं तोंड बंद नसायचं तो!

मालक एका देशाचा, झेंडा, म्हणजे जहाजाची नोंदणी, दुसऱ्या देशाचा, बंदर तिसऱ्याचं, माणूस आमचा. समुद्री अपघातांच्या चौकशीची आंतरराष्ट्रीय संहिता १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. जहाजावरून माणूस नाहीसा होणं हा त्यात अपघातच धरलाय. मृत्यू झाला असेल तर झेंड्याच्या देशाने चौकशी केलीच पाहिजे. सागरी कामगार करारात तर आता दुरुस्ती आहे, २३ डिसेंबर २०२४ पासून, की खलाशाच्या प्रत्येक मृत्यूची नीट चौकशी करून दरवर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेला कळवायचं. चांगलंच झालं. पण आम्ही चौकशी मागितली की ऐकायला मिळतं, बेपत्ता आहे, मृत्यू सिद्ध नाही. आणि वहिनीपुढे सहीला कागद आला त्याच्यावर "मयताचे वारस" छापलेलं. त्यांच्या सोयीने तो जिवंत, त्यांच्या सोयीने मेलेला. पुरावा कायदा म्हणतो, सात वर्षं काहीच खबर नसेल तर माणूस मेला असं धरायचं. अजून तीन वर्षं आठ महिने.

यंदा भाऊबीजेला मी... जाऊ दे.

आज संध्याकाळी न्हाणीघरात नळ सोडून रडले. सगळं माझ्याच गळ्यात का, फायली मीच सांभाळायच्या, इंग्रजी मीच वाचायचं, आईसमोर मीच हसायचं. मोठे काका म्हणतात, आता सोडून दे. काय सोडू? मी त्याला परत मागत नाहीये. तेवढी अक्कल मला आहे. ७:४० ते ११:१० काय केलंत, कोणी ठरवलं, एवढं एका माणसाने सही करून लिहून द्यावं. चुकलं असेल तर चुकलं म्हणून लिहावं.

आता जरा शांत वाटतंय. त्या मुलाचं पुढचं वाक्य आठवलं. मी काहीच बोलले नाही, तेव्हा तो म्हणाला, "कमी करायचं तर मृत्यूचा दाखला लागेल." मी म्हटलं, दाखला नाही. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं. "मग राहू दे ताई," म्हणाला आणि पुढचा कागद घेतला. इतकं साधं. इतक्या वर्षांत कोणी "राहू दे" म्हटलं नव्हतं. हात थरथरले ते बहुतेक तेव्हा. पहिल्या प्रश्नाला नव्हे.

माहिती अधिकाराचं उत्तर टेबलावर पडलंय, "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही." अपिलाला ३० दिवस असतात, शुक्रवारी संपतात. आधी चार पानं लिहिली होती, ती फाडली. आता एकच पान आहे. त्यात त्या दोन वेळा, मधले साडेतीन तास, आणि हे या कार्यालयाने झेंड्याच्या देशाला कधी, कोणत्या पत्राने विचारलं, त्या पत्राची प्रत. विचारलंच नसेल तर तसं लिहून द्या.

उद्या पोस्टात टाकते, पोचपावतीसह. कार्ड पुढच्या आठवड्यात मिळेल म्हणाला. वहिनीच्या नावाखाली छकुलीचं येईल. वर त्याचं आहे तसंच.