फोर बाय फोर आहे ना भाऊ, मग कायले टेन्शन?

डिसेंबर लागला की नागपुरात दरवर्षी मनालीची साथ येते. पूर्वी ट्रेनने दिल्ली अन् तिथून व्होल्वो असा कार्यक्रम असायचा, आता दर दुसऱ्या सोसायटीत एक थार नाहीतर जिम्नी उभी दिसते, त्यामुळे सगळे घरूनच गाडी घेऊन निघून राहिले. टायर-बियर, बर्फात टायरवर चढवायची चेन, काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "फोर बाय फोर आहे ना भाऊ, मग कायले टेन्शन?"

टेन्शन ब्रेकचं आहे ना बाप्पा! चारही चाकांना पॉवर मिळते म्हणून गाडी बर्फातून निघते, चढ चढते, फसली तर बाहेर येते, हे सगळं खरं. पण ब्रेक तर अल्टोलाही चारही चाकांना असतात. थांबायची वेळ आली की फोर बाय फोर अन् साधी गाडी एकाच लाइनीत, तिथे फक्त टायरची पकड कामाची, अन् वजनदार गाडी घसरायला लागली की तिला आवरणं अजूनच कठीण. उलट साध्या गाडीवाल्याची चाकं निघतानाच फिरतात, म्हणून तो आधीच घाबरून हळू चालवतो, आपली गाडी मात्र मस्त उचलते, म्हणून रस्ता घसरडा आहे हे पहिल्यांदा ब्रेक मारल्यावरच कळतं.

हे मी मनालीच्या पलीकडे, लाहौलमधल्या सिस्सूच्या बाजूला डोळ्यांनी पाह्यलं. अटल टनेल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलच्या बाजूला जाणं सोपं झालं, नऊ किलोमीटरचा बोगदा, आत कोरडा रस्ता अन् बाहेर पडलं की एकदम वेगळी दुनिया. उतारावर एक थार, आपल्या नागपूरच्या एमएच ३१ नंबरची, जेमतेम वीसच्या स्पीडने येत होती, समोर टॅक्सी थांबली म्हणून त्याने ब्रेक दाबला. चाकं बंद, गाडी चालू. काहीच आवाज नाही, तिरपी होत होत आली अन् रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात नाक घालून उभी राहिली. कोणाला लागलं नाही, नशीब. तिथला टॅक्सीवाला उतरला, टायरवरून नुसता हात फिरवला अन् हसला. टायर हायवेचे होते.

तर खर्च करायचाच असेल तर आधी टायरवर करा, रूफ रॅक अन् लाइट बार मग पाहू. थंडी सात डिग्रीच्या खाली गेली की आपले नेहमीचे टायर कडक पडतात अन् बर्फ नसला तरी पकड कमी होते. विंटर टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाच्या फुलाचं चिन्ह असतं, नुसतं एम प्लस एस लिहिलेलं म्हणजे ते नाही. नागपूरच्या माणसाने आठ दिवसांसाठी विंटर टायर घ्यावे असं मी म्हणणार नाही, पण चेन ठेवा, अन् ती चढवायची प्रॅक्टिस घरी पार्किंगमध्ये करून घ्या, तिथे बोटं बधिर झाल्यावर यूट्यूब पाहत बसू नका. टायरमधल्या हवेचंही तसंच, तीस डिग्री थंडी वाढली की दाब पाचेक पीएसआयने (गेजवरचं माप) कमी होतो, उंचीमुळे त्यातला थोडा परत वाढतो, म्हणून अंदाज नको, तिथे सकाळी गाडी हलवायच्या आधी गेज लावा.

थार-जिम्नीवाल्यांसाठी अजून एक. तुमची सिस्टीम पार्ट-टाइम आहे, म्हणजे लागेल तेव्हा फोर बाय फोर आपणच लावायचं, फोर-एचमध्ये (चारही चाकांना पॉवर) पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना गाडी अडखळते अन् गिअरबॉक्सवर ताण येतो. म्हणून बर्फ संपला की टू-एच, म्हणजे दोनच चाकांना पॉवर. पण टू-एचमध्ये ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, सावलीतल्या वळणावर अन् पुलावर डांबर नुसतं ओलं दिसतं, खरं तर पातळ बर्फ असतो, तिथे ॲक्सिलरेटर दिला की शेपूट फिरलंच. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिपसारख्या गाड्यांत हे आपोआप होते, स्नो मोडही आहे, तो लावा. उतारावर आधीच खालचा गिअर, ब्रेक हलका, पायाखाली एबीएस (चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची सिस्टीम) थरथरला तर घाबरून पाय उचलू नका, दाबूनच ठेवा. अन् समोरच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवा की मागचा हॉर्न मारत बसेल. मारू द्या.

आता खास आपली नागपुरी भानगड. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत कूलंट कमी झालं की आपण काय करतो, नळाचं पाणी ओततो. दोन-तीन उन्हाळे असं झालं की टाकीत कूलंट कमी अन् ऑरेंज सिटी वॉटर, म्हणजे आपलं नळाचं पाणी, जास्त. हे मनालीच्या रात्री गोठलं तर रेडिएटर गेला, इंजिनचाही भरोसा नाही. निघायच्या आधी पूर्ण बदला, अर्धं-अर्धं मिक्स. वॉशरच्या पाण्याचंही तेच. डिझेल गाडी असेल तर आपल्याकडून भरलेलं डिझेल टाकीत कमीत कमी राहील असं पाहा अन् वर जाऊन तिथलंच भरा, आपल्याकडच्या डिझेलमधलं मेण थंडीत जमतं अन् फिल्टर चोक होतो. रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठला तर सुटत नाही, गिअरमध्ये टाका अन् चाकाखाली दगड. काचेवर गरम पाणी तर चुकूनही नाही, तडकते.

अन् खरं सांगू का, मला बर्फापेक्षा जाण्या-येण्याच्या रस्त्याचीच जास्त भीती वाटते. सिवनी, सागर, झाशी करत ग्वाल्हेरच्या पुढे गेलं की पहाटेचं धुकं असं असतं की स्वतःचं बोनेट दिसत नाही, अन् त्यात बिना टेललाइटच्या ट्रॉल्या. तिथे फोर बाय फोरचा काडीचा उपयोग नाही. हाय बीम बंद, फॉग लॅम्प चालू, चालत्या गाडीत हझार्ड लावू नका, मागच्याला तुम्ही उभे की चालू तेच कळत नाही. मी तर ग्वाल्हेरला मुक्कामच करतो अन् ऊन पडल्यावर निघतो, पोरं चिडवतात, चिडवू द्या.