गादीखालची इस्त्री

परवा भाच्याचा इंटरव्ह्यू होता आणि आदल्या रात्री नऊला वीज गेली. पोरगं चुरगळलेली पँट हातात धरून उभं. म्हटलं, "आण इकडे. आणि गादी उचल."

1988 साली, पाचवीला, मी पुण्यात शिवाजीनगरच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या होस्टेलला आलो. फलटणहून एसटीनं, वडिलांबरोबर. हिरव्या ट्रंकेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव, आत आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. तो खोलीतल्या पोरांनी पहिल्याच रात्री बोटांनी चाटूनपुसून साफ केला. आंतर्देशीय पत्रात मात्र मी 'चटणी महिनाभर पुरली' असं लिहिलं.

तिथला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा शाळेपेक्षा चार वर्षांनी थोरला. पुतळा 1928चा, शाळा 1932ची. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला, ब्राँझचा. हे सगळं मला फार उशिरा कळलं. तेव्हा आमचं लक्ष पितळेकडे, म्हणजे पट्ट्याच्या बकलाकडे. ब्रासो लावून घासायचं, त्यात स्वतःचे दात दिसेपर्यंत.

आणि खाकी पँट. बोट पाण्यात बुडवून घडी ओली करायची, वर्तमानपत्राच्या दोन पानांमध्ये पँट सारखी पसरायची, वर गादी, गादीवर आपण. रात्रभर कूस बदलायची नाही. अवघड ते एवढंच.

आठवीत, एनसीसीच्या पहिल्याच वर्षी, 14 ऑगस्टच्या रात्री मी कूस बदलली. पाणीही जास्त झालं असावं. सकाळी उजव्या पायावर दोन समांतर घड्या आणि गुडघ्याच्या जरा वर छोट्या जाहिरातींची उलटी अक्षरं. 'भाड्याने देणे' एवढं तर आरशात स्वच्छ वाचता येत होतं.

कवायत शिकवणारे उस्ताद रांग तपासत आले, माझ्यापाशी थांबले, खाली पाहिलं.

"ये क्या है बेटा? रेल की पटरी?"

मिशीतल्या मिशीत हसले आणि मला मागच्या रांगेत, अगदी मधोमध सरकवलं. झेंडावंदनात मला झेंडा दिसलाच नाही. दिसली ती पुढच्या लंबूची मान आणि तिच्यावरचा घामोळ्यांचा पट्टा.

तर, भाच्याची पँट गादीखाली घालून दिली. या वेळी कोऱ्या कागदात. "आता हलायचं नाही," असा दम भरला. साडेअकराला वीज आली, पंखा फिरला. इस्त्रीचं मी मुद्दामच काही बोललो नाही.

सकाळी पोरगं मान आखडून उठलं. घडी एकच होती.