विहिरीतला चकाकणारा दगड

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो. मागच्या उन्हाळ्यात सिन्नर तालुक्यातले एक वयस्कर शेतकरी धोतराच्या फडक्यात बांधलेला दगड घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. विहीर खोल करताना सुरुंग लावल्यावर निघालेल्या काळ्या दगडांच्या ढिगात तो उन्हाने लखलखत होता. "सर, गावातले सगळे हिरा म्हणतात, पण घण मारला तर फुटला, म्हणून शंका आली," ते म्हणाले. घणाने हिऱ्याची परीक्षा होते, हा समज फार जुना आणि तितकाच चुकीचा आहे. हिऱ्यावर ओरखडा उठत नाही, पण घणाखाली तोही फुटतो. आणि या समजापायी कितीतरी देखणे नमुने चुरा होऊन जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्फटिक पाण्यासारखा स्वच्छ, चौकोनी खांबासारखा आणि टोकाला निमुळता होता. बाजूंवर बारीक उभ्या रेघा होत्या, आणि जिथे तो आडवा फुटला होता तो सपाट पृष्ठभाग काचेसारखा नव्हे, तर मोत्यासारखा झळकत होता. ते पाहताच माझे मन ॲपोफिलाइट या खनिजाकडे गेले, तरी नुसत्या नजरेवर सांगणे मला पटेना. चाकूच्या टोकाने ओरखडा पडला, म्हणजे हिरा नाही आणि गारगोटीही नाही. सौम्य आम्लाचा थेंब फसफसला नाही, म्हणजे कॅल्साइट हे चुन्याचे खनिज नाही. हवेत ४६ ग्रॅम भरलेला तुकडा पाण्यात २६.४ ग्रॅम भरला, म्हणजे विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड ते) सुमारे २.३५ आले, हिऱ्याचे ३.५२ असते. शेवटी एक कपची परीक्षानळीत तापवली, तेव्हा तिचे पापुद्रे सुटले आणि नळीच्या वरच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमले. ॲपोफिलाइटच्या घडणीतच पाणी असते.

हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून खोल तयार होतो आणि मध्य प्रदेशातल्या पन्ना गावासारख्या ठिकाणी वेगळ्याच खडकातून वर येतो. आपल्या काळ्या पाषाणात तो सापडत नाही. आपला दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून असे स्फटिक वाढले. हे सगळे ऐकून ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग विहिरीत अजून असतील."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर विहिरीत उतरलो. ४२ फुटांवर, कातळात नारळाएवढी पोकळी होती. तिच्या आतल्या बाजूला स्टिल्बाइट या दुसऱ्या खनिजाच्या फिकट गुलाबी जुड्या आणि त्यांवर ॲपोफिलाइटचे अखंड स्फटिक होते. त्यांनी आणलेला तुकडा मी एका तुटलेल्या बुंध्यावर ठेवला, तर तो नेमका बसला. त्या दिवशी कोणी घण उचलला नाही. छिन्नीने भोवतालचा दगड सोडवत आम्ही तो पुंजका दोन तासांनी कापसात गुंडाळून वर आणला. गावाचे नाव आणि ४२ फूट ही खोली त्याच्या चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे.