मधोमध कप्पी बसवलेले वांगे

मी संगणकावरचा एक विडंबन-खेळ तयार केला. त्यात तापीवर ताणलेल्या तारेवरून पैलतीरी घसरत जाण्यासाठी खेळाडूने मधोमध कप्पी बसवलेले भरिताचे वांगे वापरायचे, हे कोडे मला सर्वांत आधी सुचले आणि बाकीचा खेळ त्याच्याभोवती रचला गेला. १९९० मधील ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ या साहसखेळात, म्हणजे कोडी सोडवत गोष्ट पुढे नेण्याच्या संगणकखेळात, अशीच मधोमध कप्पी असलेली रबरी कोंबडी आहे. ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना वांगे पाहताच हसू फुटणार, यात मला शंका नव्हती.

खेळ बांधण्यासाठी मी ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ हे मोफत साधन घेतले. ख्रिस जोन्स यांनी १९९७ मध्ये ते प्रथम आणले आणि जुन्या साहसखेळांच्या चाहत्यांनी पुढे त्यावर कितीतरी विडंबने रचली. चित्रे काढणे कंटाळवाणे खरे, पण सोपे होते. देवनागरीने मात्र घाम काढला: माझ्याकडच्या आवृत्तीत जोडाक्षरे सुटी पडत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे लागण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसे, म्हणून अखेर प्रत्येक संवाद चित्र म्हणून तयार करून घातला.

खरी परीक्षा भाच्याने घेतली. मूळ खेळ त्याने पाहिलेलाच नव्हता. त्यामुळे वांगे त्याला केवळ निरर्थक वाटले आणि तो तापीकाठीच अडकून पडला. मूर्खपणालाही नियम लागतो आणि तो खेळाडूला आधी कळलेला असावा लागतो, असे माझे मत आहे. म्हणून मी भुसावळच्या बाजारात एक भाजीवाली उभी केली. ती सगळी वांगी कप्पी लावूनच विकते आणि बिनकप्पीचे मागणाऱ्याकडे ‘कुठून आलात?’ अशा नजरेने पाहते. पुढे, जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, याचा आधार घेऊन नदीकाठचा कारकून प्रवाशाचे नव्हे, तर वांग्याचे ओळखपत्र मागतो. एवढी तयारी झाल्यावर भाचा न विचारता पलीकडे गेला.

शेवटचे द्वंद्व सर्वांत मजेचे ठरले. मंकी आयलंडमध्ये तलवारबाजी टोमण्यांना चपखल प्रत्युत्तर देऊन जिंकावी लागते. त्यासाठी अहिराणीइतके धारदार हत्यार मला दुसरे दिसले नाही. प्रतिस्पर्धी गुरगुरतो, “मी तुले दखी लिसू!” आणि अचूक उत्तर असते, “पहिले चस्मा लाव, मंग दख!” आणखी उत्तरे हवीत म्हणून मी शेजारच्या आजींकडे गेलो. त्यांनी भरभरून दिली. परंतु भाचा शाळकरी असल्याने त्यांतली बहुतेक खेळात घालता आली नाहीत.