बेसमेंटमधली सुटकेची खिडकी

शनिवार, एप्रिल

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास या दिवसांत घरोघरी एकच बोलणं. आई-बाबा मे महिन्यात येणार, सहा महिने राहणार, वरच्या खोल्या पुरत नाहीत, तर बेसमेंटमध्ये एक खोली काढू. पलंग, कपाट, कार्पेट यांची यादी लगेच होते आणि खिडकीचं नाव सगळ्यांत शेवटी निघतं. हा क्रम मनाला फार लागतो. जिन्यात धूर भरला की खाली झोपलेल्या माणसाला दुसरी वाट उरत नाही. शिवाय अग्निशामक दलाचा माणूस पाठीवर हवेची टाकी घेऊन त्याच खिडकीतून आत उतरणार असतो.

मापांत गफलत कुठे होते ते नीट लिहून ठेवायला हवं. इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड, म्हणजे घरबांधणीची नियमावली, त्याप्रमाणे खिडकी उघडल्यावर मोकळी जागा किमान २० इंच रुंद, किमान २४ इंच उंच आणि एकूण ५.७ चौरस फूट हवी; खिडकी जमिनीलगत किंवा जमिनीखाली असेल तर ५ चौरस फूट चालते. घोळ इथेच होतो. २० गुणिले २४ म्हणजे ४८० चौरस इंच, जेमतेम ३.३ चौरस फूट. दोन्ही किमान मापं पाळूनही खिडकी नापास! रुंदी २० ठेवली तर ५.७ च्या हिशेबाने उंची ४१ इंचांवर जाते, ५ च्या हिशेबाने ३६ इंचांवर. आणि हे माप काचेचं नाही, चौकटीचंही नाही, माणूस पार होईल त्या मोकळ्या जागेचं आहे. ३ फुटी सरकती खिडकी अर्धीच उघडते, म्हणजे १८ इंचही मिळत नाहीत. उंची कितीही वाढवा, ती बसत नाही. बिजागरीची, दारासारखी उघडणारी खिडकी अशा जागी बरी. जमिनीपासून मोकळ्या जागेच्या खालच्या कडेपर्यंत ४४ इंचांपेक्षा जास्त चालत नाही. भिंत ४३ इंचांवर कापली आणि वर चौकटीची जाडी चढली की गेलंच.

कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन हातात आलं की खिडकीचा ब्रँड नंतर बघावा. आधी त्यात हे शब्द शोधावेत: परमिट कोण काढणार, लिंटेल (खिडकीवरची आधाराची आडवी तुळई) कोणतं, ड्रेन कुठे जोडणार, माती कुठे जाणार. खिडकीबाहेर ६ फूट लांब, ५ फूट रुंद, ६ फूट खोल खड्डा म्हणजे १८० घनफूट माती, आणि खणल्यावर ती फुगते. करारात नसेल तर तो ढीग अंगणातच राहतो. न्यू जर्सीत ५०० डॉलरपेक्षा मोठ्या कामाचा करार लेखी लागतो. विम्याचं प्रमाणपत्र कॉन्ट्रॅक्टरच्या हातून घेण्यापेक्षा त्याच्या विमा एजंटकडून थेट मागवावं. शेवटचा हप्ता फायनल इन्स्पेक्शन पास झाल्यावरच द्यावा, यात भिडेला जागा नाही.

खणण्याआधी ८११ ला, म्हणजे जमिनीखालच्या लाइनी खुणावून देणाऱ्या सेवेला फोन, किमान ३ पूर्ण कामाचे दिवस आधी. पिवळी खूण गॅसची, लाल विजेची, निळी पाण्याची. बागेतल्या स्प्रिंकलरची किंवा बार्बेक्यूला नेलेली स्वतःची लाइन मात्र ते खुणावत नाहीत. ती आपणच दाखवायची.

रविवार

भिंत कापण्याचं काम लोकांना सगळ्यांत भीतीचं वाटतं, आणि ते खरंही आहे. ३ बाय ४ फुटांचा, ८ इंच जाडीचा काँक्रीटचा तुकडा सुमारे १२०० पौंडांचा असतो. तो अखंड पाडायचा नाही, तुकड्यातुकड्यांनी काढायचा. हातातल्या करवतीच्या १४ इंची पात्याचा काप ५ इंचांच्या आसपासच जातो, म्हणून आतून आणि बाहेरून दोन्हीकडून कापावं लागतं. दोन्ही रेषा जुळाव्यात म्हणून कोपऱ्यांत आरपार ड्रिल मारतात. ही चार भोकं न मारता सुरुवात करणारा माणूस दिसला तर तिथेच थांबवावं. पाणी मारून कापलं तर चिखल होतो, पण कोरडं कापलं तर सिलिकाची धूळ हीटिंगच्या डक्टमधून घरभर जाते. हीटिंगचा पंखा बंद आणि हवा परत ओढणारी रिटर्नची जाळी झाकलेली हवी.

जुन्या छोट्या खिडकीच्या रुंदीतच खाली सरळ कापलं तर वरचा आधार बहुतेक वेळा तसाच राहतो, खर्चही वाचतो. रुंदी वाढवायची तर त्या भिंतीवर तुळया टेकल्या आहेत का ते आधी बघायला हवं. टेकल्या असतील तर लिंटेल बसेपर्यंत आतून तात्पुरता टेकू लागतोच. भिंत पोकळ ब्लॉकची असेल तर कापलेल्या कडांच्या पोकळ्या मॉर्टरने भरून घ्याव्यात, नाहीतर पाणी आतल्या आत खिडकीखाली उतरतं.

आता बाहेरचा खड्डा, म्हणजे विंडो वेल. भिंतीपासून किमान ३६ इंच पुढे, ३६ इंच रुंद, तळाचं क्षेत्र ९ चौरस फूट. खोली ४४ इंचांपेक्षा जास्त असेल तर कायमची शिडी हवी. बिजागरीची झडप पूर्ण उघडायला वेलमध्ये जागा आहे का, हे खिडकी मागवण्याआधी मोजावं.

सगळ्यांत जास्त वाद मात्र ड्रेनवरून होतात. तळाशी नुसती खडी ओतून कॉन्ट्रॅक्टर निघून गेला, तर चिकणमातीत वेल बादलीसारखा भरतो आणि पाणी खिडकीच्या चौकटीतून आत येतं. ४ इंची पाइप खडीतून खाली फुटिंगच्या (पायाच्या) ड्रेनपर्यंत किंवा संपपर्यंत, म्हणजे पाणी उपसणाऱ्या पंपाच्या खड्ड्यापर्यंत, जायलाच हवा. खडीची पातळी चौकटीच्या बरीच खाली, वेलची कड आजूबाजूच्या जमिनीच्या वर. मागे भरायलाही काढलेली चिकणमाती नको, खडीच घालावी. ओली माती थंडीत गोठून फुगली की वेलला भिंतीपासून ओढते. माती भरण्याआधी बागेचा नळ वीस मिनिटं वेलमध्ये सोडून ठेवावा. पाणी वर चढलं तर तेव्हाच सांगता येतं.

वरचं पारदर्शक झाकण घालावं, पण आतून किल्ली किंवा अवजाराशिवाय उचलता आलं पाहिजे, जानेवारीच्या बर्फासकट.

आणि इन्स्पेक्टर येऊन गेला तरी एक गोष्ट राहते. ज्या आई तिथे झोपणार आहेत त्यांना दिवा बंद करून, चष्म्याशिवाय, पलंगावरून उठून खिडकीचा हँडल फिरवायला सांगावं. संधिवाताच्या बोटांनी तो फिरतो का, पलंगाची पाठ आड येते का, पहिल्या पायरीपर्यंत पाय पोचतो का.